गार गॅस

भट्टीच्या मधल्या थराचं तापमान चढायला लागलं आणि कंट्रोल रूममध्ये वहिनी पडद्याकडे सरकली. भट्टीत सच्छिद्र गोळ्या भरलेल्या. गॅस त्यांच्या बारीक भोकांत शिरतो, तिथेच त्याची प्रक्रिया होते आणि तिथली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. म्हणजे पडद्यावर दिसतं त्याहून गोळीच्या पोटात जास्त तापलेलं असतं. नव्या इंजिनिअरांना हेच शिकवून तिचा घसा कोरडा पडायचा.

पण आज भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर तिची धाकटी नणंद, कारखान्यातली फिटर, गळका जोड आवळत होती.

“ठमे, झालं का?” वहिनीनं वॉकीटॉकीवर विचारलं.

“एकच नट राहिलाय. हट्टी मेला, अगदी तुझ्या नवऱ्यासारखा.”

“तुझाच भाऊ तो! आटप लवकर.”

आकडा आणखी वर गेला. गरम झालं की गार करावं, हे शेंबडं पोरही सांगेल! वहिनीनं भट्टीच्या तोंडाशी तोच गॅस गार करून सोडला. “गार गॅस सोडलाय गं, आता सावकाश कर.”

पहिला थर निवला. आणि मधला एकदम उसळला.

अरे देवा! आता कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. पहिल्या थरातल्या गोळ्या गार पडल्या, तिथे गॅस वापरलाच जाईना. तो तसाच्या तसा मधल्या थरातल्या धगधगत्या गोळ्यांवर जाऊन पडला. आगीत तेल ओतलं ते तिनंच. हीच चूक तिनं फळ्यावर कितीदा काढून दाखवली होती! घरचं माणूस वर असलं की शिकलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तिनं गॅस बंद केला, प्रक्रिया थांबवायला नायट्रोजन सोडला. पण गोळ्यांच्या पोटातली धग काही लगेच निवणार नव्हती.

“ठमे, खाली ये!”

“अगं, तूच म्हणालीस ना सावकाश...”

“मी चुकले! माझ्यामुळेच भडकलंय. पाना टाक आणि पळ!”

लोखंडी जिन्यावर बूट धडधडले. वहिनी काचेला चिकटून मनात पायऱ्या उतरत होती. तेवढ्यात वरचा जोड फुटला आणि प्लॅटफॉर्मवर ज्वाळा उसळल्या.

ठमी दारातून आत कोसळली. वहिनीनं तिला गच्च धरलं, हात, चेहरा, पाठ सगळं चाचपलं. “कुठे भाजलं का गं?”

“नाही.” ठमीला नीट श्वास घेता येत नव्हता. “तू गार गॅस म्हणालीस ना, म्हणून मी बिनघोर झाले. पाना ठेवला आणि तिथेच जोडाजवळ बसले होते, जरा दम खायला.”

वहिनीला तिच्याकडे बघवेना.