पान उलटणारीचा तुकडा

तालमीच्या मधल्या सुट्टीत छडीसाहेबांनी खोलीत बोलावलं, तेव्हाच थोरलीने ओळखलं की रविवारची बातमी त्यांच्या कानावर गेली आहे. छडीसाहेब म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक. हे नाव अर्थात माघारी. तोंडावर सगळे 'सर, सर' करत.

रविवारी थोरलीने धाकट्या भावाच्या बँडबरोबर बाजारामागच्या हॉलमध्ये व्हायोलिन वाजवलं होतं. धाकटा पोटापाण्यासाठी लग्नसमारंभांत ड्रम बडवतो. आणि वाजवलं काय, तर वाद्यवृंदाची मानाची, दोनशे वर्षं जुनी रचना, ड्रम आणि बेस गिटारवर चढवून! लोक खुर्च्या सरकवून नाचले.

"बावीस वर्षं इथे वाजवताय," छडीसाहेब कडाडले, "आणि आता हे असले धंदे?"

"लोकांना आवडलं, सर."

"लोकांना काय, काहीही आवडतं! त्या संथ भागाचं काय करून ठेवलंत? एकच तुकडा सात वेळा? मूळ रचनेत तो एकदाच येतो."

"माझ्या वाट्याला तो एकदाही आला नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आणि तो खाली आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

छडीसाहेबांना काही उमगेना. कसं उमगणार? त्यांच्यापुढे सगळे सूर आयते येत. व्हायोलिनवाल्या दोघांत नोटेशनच्या कागदांचा एकच स्टँड असतो. बाहेरच्या खुर्चीवरचा वाजवत राहतो, आतल्या खुर्चीवरचा थांबून पान उलटतो. थोरलीची खुर्ची आतली. आणि त्या रचनेतला सगळ्यात गोड तुकडा नेमका पानाच्या शेवटी. बाकीचे जीव ओतून वाजवत, आणि ही बाई कागद चिमटीत धरून बसे. घरी शंभरदा वाजवला होता, पण भिंतींसमोर वाजवण्यात काय राम? तिने धाकट्याला हे सांगितलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "ताई, तोच घेऊ की! मन भरेपर्यंत वाजव."

थोरलीने हे सगळं एका दमात बोलून टाकलं. छडीसाहेब वरमले. माणूस काही दुष्ट नव्हता. त्यांनी टेबलावरचा टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला.

"एवढी सही करा. ती मांडणी ही चूक होती, पुन्हा होणार नाही, बस. पुढच्या महिन्यापासून बाहेरची खुर्ची तुमची. तुकडा रोज वाजवा."

त्या खुर्चीसाठी तिने काय नवस केले नसतील! तिने पेन उचललंसुद्धा.

"मग आतल्या खुर्चीवर कोण?"

"येईल कुणीतरी नवीन."

"आणि ती किती वर्षं पान उलटणार?"

"हे बघा, कुणीतरी उलटायलाच हवं ना."

थोरलीने पेनाला टोपण लावलं आणि कागद होता तसा परत सरकवला. खुर्ची हातची गेली याचं तिला दुःख झालं, डोळे भरून येण्याइतकं झालं. लाज मात्र तसूभरही वाटली नाही. व्हायोलिनची पेटी उचलून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"जी कुणी येईल ना, सर, तिला दर रविवारी आमच्याकडे पाठवा. आमचं सगळं पाठ असतं."