शेवटचा शॉट खिडकीतून

सिनेमा संपला, दिवे लागले आणि शेजारी बसलेली वृषाली डोळे पुसत म्हणाली, "उतरला तो. शंभर टक्के उतरला."

वृषाली म्हणजे भिंगारच्या दवाखान्यात माझ्याबरोबर काम करणारी नर्स. रविवारची सुट्टी, नगरच्या हॉलमध्ये दुपारचा खेळ आणि खेळानंतर दिग्दर्शकाशी गप्पा, म्हणून तिने मला ओढून आणलं होतं. "तुमच्याच तिसगावचा आहे गं तो," असं तिने चार वेळा सांगितलं. या रविराजला मी कॉलेजपासून ओळखत होते आणि एकेकाळी त्याच्याबरोबर पळून जाणार होते, हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. यायचं नाही असं ठरवून मी ठेवणीतली साडी नेसून आले होते. माझ्या अकलेचं हे असंच आहे.

सिनेमातली गोष्ट साधी होती. गावातली गरीब मुलगी, जमीनवाल्याचा मुलगा. मुलाने नगरहून एसटीने यायचं, मुलीने गावात थांबायचं आणि तिथून दोघांनी शेवगावची गाडी धरायची. शेवटी मुलगा गाडीत बसलेला दिसतो, गाडी करंजीचा घाट उतरते, गावाच्या फाट्यावर थांबते. मग गाडीच्या काचेतून मुलगी दिसते. कंडक्टर डबल बेल देतो आणि पडदा काळा होतो. मुलगा उतरला की नाही, ते कळत नाही.

त्यावरून हॉलमध्ये नुसती धमाल चालली होती. पुढच्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, गाडी मुळात आलीच नाही, ती मुलीच्या मनातली गाडी आहे. एका बाईंनी वेगळाच शोध लावला. मुलगी एसटी स्टँडवर न थांबता फाट्यावर थांबली, म्हणून दोघांची चुकामूक झाली. सगळी चूक मुलीची. लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी स्टँडात भाजीवाल्यांची पालं पडतात, गाडी आत शिरतच नाही, फाट्यावरूनच माणसं उचलते. हे त्या बाईंना कुठून ठाऊक असणार?

रविराज स्टेजवर माइक धरून मंद हसत होता. दाढी ठेवली होती, गळ्यात मफलर. मे महिन्यात. "तो उतरला का नाही, हे प्रेक्षकांनी ठरवावं," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

आमच्या पळून जाण्यासाठी बाजाराचा दिवस मीच निवडला होता. पिशवी घेऊन निघालेल्या मुलीला त्या दिवशी कोणी विचारत नाही. आम्ही बौद्ध, ते पन्नास एकरवाले. सिनेमातल्या मुलीला आडनावही नव्हतं आणि वस्तीही नव्हती, नुसती गरिबी होती. त्याने तेवढं बरोबर गाळलं होतं. फाट्यावर उभी राहून मी नगरहून येणाऱ्या चार गाड्या पाहिल्या. चौथीनंतर चुलत्याने मला घरी नेलं आणि आठवड्याभरात माझी रवानगी भिंगारला आत्याकडे झाली. रविराजचा फोन बंद होता तो बंदच राहिला.

आई म्हणाली, "त्यो येनारच नव्हता. डोळं उघड, पोरी." मी आईशी कडाकडा भांडले. त्याच्या भावांनी त्याला कोंडून ठेवलं असणार, फोन काढून घेतला असणार, मारलंही असणार. या 'असणार'वर मी नऊ वर्षं काढली. दोन चांगली स्थळं परत पाठवली. आई गेल्या वर्षी वारली, तोपर्यंत आम्ही धड बोलत नव्हतो. तिला मी कधी म्हटलं नाही की कदाचित तुझं खरं असेल. कारण मला तसं वाटतच नव्हतं.

त्या दुपारी हॉलमध्ये मला एवढंच हवं होतं. त्याने एकदा म्हणावं, मला येऊ दिलं नाही. लोकांसमोर नको, नुसतं माझ्याकडे बघून.

पण तो शेवटचा शॉट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. काचेतून दिसणारी मुलगी केळीवाल्याच्या पालथ्या क्रेटवर बसली होती. उजव्या पायातली चप्पल काढून तिने मांडीवर घेतली होती आणि तिचा तुटलेला अंगठा जुळवून बघत होती. सेफ्टी पिन तिने दातात धरली होती. गाडी थांबली तशी ती एका पायावर उभी राहिली, चप्पल हातातच.

ती चप्पल माझी होती. तो क्रेटही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, आत्याला नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? मी स्वतःही विसरले होते. दुसऱ्या गाडीच्या वेळची गोष्ट. मी एका पायावर उभी राहून उतरणारा एकेक माणूस बघत होते. मी दाराकडे बघत होते, खिडक्यांकडे नाही.

मी हात वर केला. कोणीतरी माइक आणून दिला.

"तो शेवटचा शॉट कोणाच्या डोळ्यांनी घेतलाय?" मी विचारलं.

रविराजने आवाजाच्या दिशेने पाहिलं. हसू तसंच राहिलं, पण हातातला माइक खाली आला. "तेही... प्रेक्षकांनी..." एवढंच म्हणून त्याने सूत्रसंचालकाकडे पाहिलं. सूत्रसंचालकाने लगेच चहाची घोषणा केली.

"किती भारी प्रश्न विचारलास गं!" वृषाली म्हणाली. मी तिला चहा आणायला पाठवलं आणि स्टेजच्या बाजूच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तो बाहेर आला. मला चुकवून जायला जागा नव्हती.

"शुभांगी, तू हितं..."

"गाडीत हुतास?" नऊ वर्षांनी माझी जीभ आपोआप गावाकडं वळली.

"शुभे, ऐक की जरा."

"हुतास का न्हाई?"

"हुतो," तो म्हणाला. मग एकदम घाईने बोलायला लागला. "उतरनार हुतो गं. लई ठरवलं हुतं. पन तू दिसलीस आन् पायच उचलंनात. फाट्यावर भावकीतली मान्सं हुती. घाबारलो मी. आयुष्यभर त्योच शॉट डोळ्यापुढं हाय, म्हनून तर सिनेमा केला."

त्याचे डोळे खरंच भरले होते. आणि खरं सांगते, मी विरघळले. बावीस वर्षांचा पोरगा ऐनवेळी भ्याला. इंजेक्शनची सुई बघून चक्कर येऊन पडणारे पैलवान मी दवाखान्यात रोज बघते. भ्यालेल्या माणसावर किती काळ रागावणार? कोंडून ठेवलेला रविराज गेला, तर निदान घाबरलेला रविराज तरी मला मिळत होता. मी तेवढंही गिळलं असतं. पण त्याने डोळे पुसताना चोरून माझ्या तोंडाकडे पाहिलं, ते सांगणं लागू पडलं की नाही हे बघायला.

"तिकीट कुठलं काढलं हुतंस?" मी विचारलं.

"म्हंजी?"

"नगरला गाडीत बसल्यावर कंडक्टरला काय म्हनलास? तिसगाव?"

तो मफलरचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. आतून कोणीतरी त्याला हाक मारली.

"पाथर्डी," तो म्हणाला.

पाथर्डी म्हणजे तिसगाव ओलांडून पुढे. तिथे त्याचा मामा असतो.

"मग उतरायचं नव्हतंच," मी म्हणाले. "तर त्याच गाडीनं आलास कशाला?"

"तू खरंच येतीस का, त्ये बघायचं हुतं."