कोरी होता होता

मी डेटाबेसमधली एक ओळ. बोलायची मला सवय नाही. आज भीतीने बोलतेय.

एका दवाखान्यातल्या रुग्णांच्या तक्त्यात माझी जागा आहे. मी एका सुताराची. त्याच्या पायात खिळा घुसला होता. पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि घसा सुजून त्याचा श्वास अडकला. तो वाचला. बायकोने काउंटरवर हात आपटला, "आधी हे लिहून घ्या!" ॲलर्जीच्या रकान्यात 'पेनिसिलिन' घेऊनच मी जन्मले.

नंतर कित्येक वर्षं तो इकडे फिरकला नाही. बायको गेली. ही गोष्ट लक्षात ठेवणारी मी एकटी उरले. त्याचा मला अभिमान होता.

मधल्या काळात भेटींचा नवा तक्ता झाला. त्यावरून आम्हा जुन्या ओळींना अपडेट करायचं, असं आज प्रोग्रामर पोरीने ठरवलं. ती आमच्याशी थेट बोलत नाही. मध्ये ओआरएम नावाचा दुभाषी असतो. ती सांगते तसा तो आमच्या भाषेत हुकूम देतो, स्वतःची अक्कल न चालवता. हुकुमाच्या पोटात एक प्रश्न होता. त्याला सबक्वेरी म्हणतात. या रुग्णाच्या शेवटच्या भेटीत कोणती ॲलर्जी लिहिली? येईल ते उत्तर जुन्यावर चढवायचं.

माझा सुतार नव्या तक्त्यात नव्हताच. उत्तर काय येणार? काही नाही. आणि ते 'काही नाही' माझ्यावर चढणार.

नेमका तेव्हाच तो खालच्या मजल्यावर दवाखान्यात आला होता. छिन्नीने तळहात फाटलेला, सोबत सून.

"काका, कसली ॲलर्जी?" नर्सने विचारलं.

"मला? लोखंड पचवतो मी."

"मग छिन्नीही पचवायची होती, बाबा," सून म्हणाली.

"थांबा, कॉम्प्युटरवर बघते."

वरच्या मजल्यावर, पोरीच्या टेबलावरून हुकूम सुटला. शेजारच्या ओळींना भरत, पुसत माझ्यापर्यंत आला. माझा रकाना कोरा झाला. ओरडायला तोंड नाही. बदल कायम व्हायचा बाकी होता. पोरीचं बोट त्याच बटणावर होतं, तो कायम करायच्या.

"दादा, जेवायला चला! सगळ्याच्या सगळ्या ओळी बदलल्या."

शेजारचा जुना प्रोग्रामर जागचा हलला नाही. "सगळ्या? अगं, लग्नाला बोलावलं तरी सगळे येत नाहीत. दवाखान्यात बरे सगळे आले!"

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे जे आलेच नाहीत, त्यांचं..."

"त्यांचं पुसलंस. हुकूम मागे घे."

माझा शब्द परत आला. खाली नर्स स्क्रीन बघून दचकली. "अहो काका, पेनिसिलिन चालत नाही तुम्हाला!"

सुतार मान खाली घालून म्हणाला, "ते सगळं आमच्या हिलाच ठाऊक असायचं."

पोरीने आता हुकुमात अट घातली आहे. ज्याची नव्या तक्त्यात भेट आहे, त्याच्याच ओळीला हात लावायचा. बरं केलं. पण सुताराची आजची भेट आता तिथे नोंदली जातेय. अट मला वाचवणार नाही.

नर्सबाई, हात बांधून झाला की घाई करू नका. आजच्या भेटीत ॲलर्जीचा रकाना कोरा सोडू नका. तेवढा एक शब्द लिहा. हुकूम पुन्हा सुटलाय.