वीस, अधिक-उणे पंधरा

मापनशाळेत त्यांना सगळे 'मिलिमीटर' म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. मिलिमीटर हे फार ढोबळ माप आहे, एवढीच त्यांची तक्रार होती.

गेली तीस वर्षे त्यांनी एकच काम केले होते: दुसऱ्यांची मापे बरोबर आहेत की नाहीत ते तपासणे. दुकानांतले तराजू, दवाखान्यांतले तापमापक, कारखान्यांतले दाबमापक, सगळे त्यांच्या टेबलावरून शिक्का घेऊन जात. भाजी घेताना ते काट्याकडे अशा नजरेने पाहत, की भाजीवाला न सांगता दोन टोमॅटो जास्त टाकी. आणि कोणताही आकडा ते एकटा लिहीत नसत. प्रत्येक आकड्याच्या पाठीशी 'अधिक-उणे' लिहून तो किती चुकू शकतो हे आधीच सांगून टाकायचे, ही त्यांच्या धंद्याची रीत. अधिक-उणे नसलेला आकडा त्यांच्या लेखी आकडा नव्हता, अफवा होती.

साथ शहरात शिरली तेव्हा सरकारने सात जणांची समिती नेमली, आणि हवा मोजता येते म्हणून तीत यांनाही घेतले. प्रश्न असा होता, की बंद सभागृहात किती माणसे जमू द्यावीत. मिलिमीटरांनी दोन दिवस गणित मांडले. हाती आलेली माहिती इतकी तुटपुंजी होती, की उत्तर निघाले: वीस, अधिक-उणे पंधरा. याचा सरळ अर्थ असा, की पाचही बरोबर असू शकतील आणि पस्तीसही. आम्हाला अजून नीट माहीत नाही. त्यांनी तसेच लिहून खाली सही केली.

मसुदा उपसचिवांकडे गेला आणि उपसचिवांनी त्याची शेपटी छाटली.

"कायद्यात अधिक-उणे नसतं हो," ते फोनवर म्हणाले. "पोलीस काय पंधरा माणसं वजा करून मोजणार?"

फर्मान निघाले: वीस.

मग शहर उभे दुभंगले. निम्मे लोक म्हणू लागले, वीस म्हणजे माणसे मारायचा धंदा, पाचच्या वर एक नको. उरलेले म्हणू लागले, वीस म्हणजे पोटावर पाय, निदान पस्तीस तरी करा. फलक निघाले, मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. न्हाव्याच्या दुकानात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर एक पाचवाला आणि एक पस्तीसवाला बसला, तर न्हावी मध्ये टॉवेल टांगून ठेवी. दोन्ही पक्ष मिलिमीटरांनी मांडलेल्या अधिक-उण्याच्या दोन टोकांना तंतोतंत उभे आहेत, हे साऱ्या शहरात फक्त त्यांनाच ठाऊक होते. आणि त्यांना कोणी विचारत नव्हते.

पस्तीसवाल्यांचा पुढारी हा त्यांचा होऊ घातलेला व्याही होता, ही खरी अडचण.

मिलिमीटरांची मुलगी परिचारिका. येत्या सोमवारी सकाळी तिला दुसऱ्या शहरातल्या साथीच्या रुग्णालयात हजर व्हायचे होते, सहा महिन्यांसाठी. लग्न आदल्या दिवशी, रविवारी अकराला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, शांत, हाताला ग्रीसचा वास असलेला. त्याचे वडील समारंभाच्या हॉलचे मालक, साऱ्या शहराचे 'हॉलवाले'. पाहुण्यांची यादी तीनदा कापून त्रेचाळीसवर आली होती. त्याखाली यायला हॉलवाले तयार नव्हते.

"माझा एकुलता एक मुलगा, माझाच हॉल, आणि वीस माणसं?" ते म्हणाले होते. "अहो व्याहीबुवा, वीस माणसं मला नुसत्या खुर्च्या मांडायला लागतात. तुमच्या समितीला सांगा, आकडा मागं घ्या. नाहीतर लग्न सहा महिने पुढं."

"आकडा माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"मग सही कुणाची आहे त्याच्यावर? माझी?"

मुलीने दोघांचे ऐकून घेतले आणि घरी आल्यावर वडिलांना शांतपणे सांगितले, "बाबा, तुम्ही दोघं समोर असाल तरच मी लग्नाच्या नोंदवहीत सही करणार. एकानं जरी पाठ फिरवली तरी मी तशीच जाईन. लग्न परत आल्यावर. आणि मी परत येण्याला अधिक-उणे किती, ते तुम्हीच मांडा."

मिलिमीटरांनी ते मांडले नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एक गणित हाती घ्यायचे नाकारले.

गुरुवारी चार वाजता आयुक्तबाईंनी जाहीर सुनावणी ठेवली. शहरातली सर्वांत मोठी जागा म्हणून ती हॉलवाल्यांच्याच हॉलमध्ये. वीसच्या नियमावर बोलायला एकशे ऐंशी माणसे आली. सरकारी बैठकींना नियमातून सूट आहे, असे सुरुवातीलाच जाहीर करण्यात आले. विषाणूला ही सूट कळवण्यात आली होती की नाही, याची नोंद नाही. बाहेर दोन्हीकडच्या घोषणा चालू होत्या, म्हणून दारे लावून घेतली. खिडक्या लावाव्या लागल्या नाहीत. आवाज आत येऊ नये म्हणून हॉलवाल्यांनी त्या बाराच्या बारा चार वर्षांपूर्वी रंगाच्या थराखाली कायमच्या बंद करून टाकल्या होत्या.

मिलिमीटर तिसऱ्या रांगेत बसले. त्यांच्या मांडीवर साबणाच्या वडीएवढे एक यंत्र होते. उच्छ्वासातून हवेत साठणारा वायू ते मोजत असे. उघड्या मैदानावर ते चारशेवीस दाखवी. सुनावणी सुरू झाली तेव्हा नऊशे होते. पहिल्या तीन वक्त्यांनी ते सोळाशेवर नेले. हॉलवाले स्वतः बोलायला उभे राहिले आणि खाली बसले, तेव्हा एकवीसशे झाले होते.

मग हॉलवाल्यांच्या शेजारची बाई उठली. या विहीणबाई. बाजारात त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. गळ्यातली टेप त्या घरी-दारी काढत नसत, आजही काढली नव्हती.

"मला भाषण करायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकच विचारायचंय. हे वीस आले कुठून?"

आयुक्तबाईंनी समितीच्या बाकाकडे पाहिले. डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. उपसचिवांना अचानक फोन आला. मिलिमीटर उठले, आणि उठताना त्यांना स्वच्छ कळले, की आकड्याची पाठराखण केली तर व्याही जातो, आणि खरे सांगितले तर दोन्हीकडचे मिळून सरकारला फाडून खातील, मग सगळेच बंद होईल, लग्नासकट. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी खरे सांगितले. खोटा दाखला त्यांना देताच येत नसे, सवय नव्हती.

"मी वीस लिहिले नव्हते," ते म्हणाले. "वीस, अधिक-उणे पंधरा असे लिहिले होते."

एकच गलका झाला.

"म्हणजे सरकार अंदाजपंचे चाललंय."

"विसात पंधरा चूक? शाळेत असतो तर नापास केलं असतं."

"आम्ही पाच म्हणत होतो, ते बरोबरच होतं की."

"आणि आमचे पस्तीस काय वाऱ्यावर होते?"

मिलिमीटरांनी समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी 'संभाव्य त्रुटीची व्याप्ती' हे शब्द वापरले, आणि गलका दुप्पट झाला. यंत्र बावीसशेवर गेले.

"गप्प बसा सगळे," विहीणबाई म्हणाल्या. त्या अजून खाली बसल्या नव्हत्या. "माझ्याकडे गिऱ्हाईक येतं. म्हणतं, कोट शिवायचाय, पण ज्याचा आहे तो परगावी आहे, माप मिळणार नाही. मी काय करते? दुकान बंद करून घरी बसते? अंदाजानं कापते आणि शिवणीला कापड जास्तीचं सोडते. आमच्यात त्याला माया म्हणतात. माणूस आला, कोट अंगावर चढवला, की घट्ट असेल तिथं उसवायचं, सैल असेल तिथं आत घ्यायचं. ह्या व्याह्यांनी तसंच केलं होतं. माया सोडली होती चांगली पंधराची. ती तुमच्या त्या फोनवाल्या साहेबांनी कात्रीनं उडवली. आणि तेव्हापासून अख्खं गाव एका न बसणाऱ्या कोटावरनं भांडतंय. अंगाला लावून बघितलाय का कुणी?"

उपसचिवांनी फोन खिशात ठेवला. त्यावर कोणीच नव्हते.

"लावून बघता येतो," मिलिमीटर म्हणाले. आपला तीस वर्षांचा व्यवसाय कोणी इतक्या थोडक्यात सांगितलेला त्यांनी ऐकला नव्हता. "माणसे मोजण्यापेक्षा हवा मोजावी. माझ्याकडे यंत्र आहे. या घटकेला आपण घेतो त्यातला साधारण दर विसावा श्वास इथे आधीच कोणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला आहे."

"कुणाच्या?" मागून कोणीतरी विचारले.

"ते यंत्र सांगत नाही."

एकशे ऐंशी माणसांनी आपापल्या शेजाऱ्याकडे पाहिले. पुढच्या मिनिटाला पाचवाले आणि पस्तीसवाले, पहिल्यांदाच एकमताने, खिडक्यांशी झोंबत होते. रंग हटेना. हॉलवाल्यांनी पाच मिनिटे ते दृश्य पाहिले, आणि मग स्वतःच जाऊन पटाशी आणि हातोडा घेऊन आले.

"सरका," ते म्हणाले. "चार हात लावले मी या रंगाचे. तुमच्या बापाच्यानं निघायचा नाही."

पाचवाल्यांच्या अध्यक्षांनी, एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, त्यांची शिडी धरली. तिसरी खिडकी कडाडून उघडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बारावी उघडेपर्यंत यंत्र अकराशेवर उतरले होते, आणि प्रत्येक खिडकीगणिक मिलिमीटर नवा आकडा मोठ्याने वाचत होते. लोक सामन्याचा धावफलक ऐकावा तसे ऐकत होते.

आयुक्तबाई व्यवहारी होत्या. फर्मान एका दिवसात बदलत नाही, त्या म्हणाल्या, पण हवा मोजून एक समारंभ प्रयोग म्हणून करायला परवानगी देता येईल. मर्यादा आठशे. "कोण तयार आहे?"

ज्यांनी तीन आठवडे घसे कोरडे केले होते, ते आपल्या बुटांकडे पाहू लागले.

"रविवारी अकराला आमच्याकडे लग्न आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"मला विचारलंस का?" हॉलवाल्यांनी शिडीवरून विचारले.

"तुम्ही हातोडा मारण्यात होता. मध्ये कशाला बोलायचं?"

हॉलवाले शिडीवरून उतरले आणि मिलिमीटरांपुढे उभे राहिले. केसांत रंगाचे पापुद्रे होते. "त्रेचाळीस माणसं. एक कमी नाही."

"सुरुवात त्रेचाळिसांनी करू. आठशेच्या वर गेले तर काही जणांना अंगणात जावे लागेल."

"कुणाला?"

"शास्त्राप्रमाणे, जो सर्वांत जास्त बोलतो त्याला. बोलणारा जास्त हवा सोडतो."

सारा हॉल हसला. भिंतीशी उभी असलेली मुलगी सर्वांत आधी.

"मंजूर," हॉलवाले म्हणाले. "बघू कोण बाहेर जातं ते."

रविवारी बारा खिडक्यांतून वारा असा शिरत होता, की नोंदणी अधिकाऱ्याला एका कोपराने नोंदवही आणि दुसऱ्याने टोपी धरून ठेवावी लागली. पाहुणे कोट घालून बसले होते. मिलिमीटरांनी यंत्र टेबलाच्या मधोमध ठेवले, आणि नवरा-नवरीपेक्षा लोक त्याच्याकडेच अधिक पाहू लागले. पाचशे ऐंशी. मुलाने सही केली. मुलीने आधी एका बापाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. दोघेही होते. तिने सही केली. सहाशे दहा. मिलिमीटरांना तो आकडा नीट वाचता आला नाही आणि त्यांनी चष्म्याला दोष दिला.

मग नाच झाला, मग गाणी झाली, आणि मग हॉलवाले भाषणाला उभे राहिले. सातशे साठ. त्यांनी मुलाच्या जन्मापासून सुरुवात केली. सातशे नव्वद. मुलगा पाचवीत गेला तेव्हा आठशे पाच झाले.

त्रेचाळीस माणसांनी नुसते यंत्राकडे पाहिले आणि नंतर त्यांच्याकडे. हॉलवाले वाक्याच्या मध्ये थांबले. त्यांनी कोटाची बटणे लावली, ताठ मानेने दारातून बाहेर गेले, अंगणातून वळसा घालून चौथ्या खिडकीशी आले, चौकटीवर दोन्ही कोपरे टेकली आणि वाक्य तिथूनच पुढे चालू केले. मुलगा सातवीत गेला तेव्हा सातशे सत्तर होते.

भाषण संपले तेव्हा वाजवणारेही त्यांच्याजवळ अंगणात गेले, कारण पेटी वाजवणाऱ्याला खूप घाम आला होता. वाजवणाऱ्यांमागे नाचणारे गेले, आणि अर्ध्या तासात हॉलमध्ये चिटपाखरू उरले नाही.

मिलिमीटर यंत्र खिशात टाकून व्याह्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"माझ्या भाषणानं नाही वाढलं ते," हॉलवाले म्हणाले. "त्याआधी ही पोरं नाचली. ती त्यांची हवा होती. तुमचं यंत्र उशिरा सांगतं."

"दीड मिनिट उशिरा सांगते. तुम्ही अकरा मिनिटे बोललात."

"तरी पस्तीसच बरोबर होतं."

"या हॉलला, बारा खिडक्या उघड्या असताना, पस्तीसच्या वरही चालेल. गुरुवारपर्यंत पाचही जास्त होते."

"म्हणजे मी बरोबर होतो, ते तरी कबूल करा."

"तुम्ही अर्धे बरोबर होता."

"कुठला अर्धा?"

मुलगी दोघांच्या मध्ये आली आणि तिने दोघांच्या एकेका बाहीला धरले. "उद्या सकाळी सातची गाडी आहे," ती म्हणाली. "तोवर हवं तितकं भांडा. पण नाचता नाचता."

दोघांपैकी कोणालाच नाचता येत नव्हते. मिलिमीटर पावले मोजत होते आणि हॉलवाले मोठ्याने बोलून त्यांची मोजणी चुकवत होते, आणि बरोबर असलेला अर्धा कुठला, यावर त्यांचे अजून एकमत झाले नव्हते.