श्वास घेणारा शाळिग्राम

कोथरूडच्या त्या जुन्या सोसायटीत चपलांची रांग दुसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत लागली होती. हेमाच्या देवघरातला शाळिग्राम श्वास घेतो, ही बातमी व्हॉट्सॲपवरून पार वाघोलीला पोचली होती. अवधूत महाराज कमंडलूतून धार सोडत आणि त्या चक्राकार दगडावर बारीक बुडबुडे फुटत. पाच हजार वर्षांची समाधी भंगली, नारायण जागा झाला, असं महाराज डोळे मिटून सांगत. नारायणाला जाग नेमकी दुपारी चारला यायची, आणि तीही फक्त महाराजांच्याच कमंडलूने.

हेमाची थोरली बहीण उल्काताई दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. भूशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या या बाईंनीच तो दगड कच्छहून आणून धाकट्या बहिणीला दिला होता. हे काय आहे, असं हेमाने विचारलं, तेव्हा समजावून सांगायचा कंटाळा आला म्हणून त्या थट्टेने म्हणाल्या होत्या, "शाळिग्राम समज आणि ठेव देवांत." मग वर्षभर त्या लेकीकडे परदेशात राहिल्या. इकडे हेमाच्या छातीत गाठ निघाली. ते तिने ताईला कळवलंच नाही. ऑपरेशन टाळून पाच महिने ती याच दगडाचं तीर्थ घेत होती.

उल्काताईंनी तीर्थासाठी ओंजळ पुढे केली. जिभेला लावून पाहिलं, तर आंबट. उरलेलं त्यांनी गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर ओतलं. फरशी फसफसली.

"लिंबाचं पाणी आहे," त्या म्हणाल्या. "फरशीवर लिंबू सांडलं की डाग पडतो म्हणून आपण घरात ओरडतो ना? फरशी चुनखडीची, हा दगडही चुनखडीचा. आंबट लागलं की दोन्हींतून वायू निघतो. महाराज, आपण फरशीतल्या नारायणालाही उठवलंत."

कुणीतरी हसलं. महाराज अश्रद्धेवर काहीतरी पुटपुटत चपला शोधायला गेले. उल्काताईंना मात्र हसू आलं नाही. डॉक्टरांनी सकाळीच त्यांना सांगितलं होतं की हेमाचा आजार यकृतापर्यंत गेलाय.

गर्दी पांगल्यावर त्या हेमाजवळ बसल्या आणि दगड तिच्या हातात देऊन सांगू लागल्या. हा समुद्रातल्या एका प्राण्याचा दगड झालेला शंख, माकूळ म्हणजे स्क्विडच्या नात्यातला. या उभ्या फासळ्या आणि कडेच्या नक्षीदार रेषांवरून त्याची जात ओळखतात. ही जात पृथ्वीवर थोडाच काळ होती, म्हणून ती सापडली की त्या खडकाचं वय कळतं. सोळा कोटी वर्षं.

हेमा फासळ्यांवरून बोट फिरवत राहिली. तिच्या मनगटातली बांगडी पार कोपरापर्यंत घसरत होती.

"किती सोपं आहे गं," ती म्हणाली. "ताई, तेव्हाच का नाही सांगितलंस?"

उल्काताईंनी तिची घसरलेली बांगडी पुन्हा मनगटावर आणली.

तेव्हा वाचकहो, चमत्कार दिसला तर चाखून पाहा, प्रश्न विचारा, आणि डॉक्टरांची तारीख चुकवू नका. पण ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीही सांगायचा कंटाळा करू नये. हेमाने विचारलं होतं. तेव्हा दोन मिनिटं पुरली असती.