पुढे तोमिए, मागे इवाओ

"पण पडलात तर, इवाओसान?" मुतोसाननी पुन्हा तेच विचारलं. "दुसरा कोणी पडला तर गटांगळ्या खाऊन वर येईल. तुमच्या गळ्यातून पाणी थेट छातीत जायचं. मग मी तोमिएसानना काय तोंड दाखवू?"

धक्क्यावरच्या कचेरीत इवाओ उभाच होता. त्यानं हातानंच सांगितलं, नाही पडणार.

मुतोसान नावांचे मालक होते, पण वयानं इवाओहून लहान. लहानपणी इवाओच्याच नावेत खेळलेले. ते अवघडून म्हणाले, "आणि पाहुण्यांना सांगणार कोण? लोक नुसतं पाणी बघायला येत नाहीत हो. त्यापेक्षा शेडमध्ये बसा, बांबू तासा. तुमच्यासारखा बांबू कोण तासतो?"

जपानमधल्या यानागावा शहरात नदीचं पाणी जुन्या किल्ल्याभोवती आणि घराघरांच्या मागून कालव्यांनी फिरतं. लांब सपाट नावेच्या मागच्या टोकाला उभं राहायचं, बांबूनं तळ रेटत नाव पुढे न्यायची, आणि तोंडानं शहर दाखवायचं, हे इथल्या नावाड्याचं काम. इवाओची नाव दिसायच्या आधी ऐकू यायची. त्याचं गाणं ऐकून काठावरच्या बायका खिडक्या उघडायच्या. मागच्या पानगळीत घशाचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता तो गळ्याखालच्या भोकातून श्वास घ्यायचा, त्यावर पांढरी जाळीची पट्टी. बोलायला गळ्याला टेकवायचं एक यंत्र मिळालं होतं. घरी एकदा लावून पाहिलं, तर डब्यात माशी घोंगावावी तसा आवाज आला. त्यानं ते खिशात टाकलं ते टाकलंच.

त्याची बायको तोमिए दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत आली.

"हे तरंगायचं जाकीट घालतील," ती म्हणाली. "आणि बोलायचं मी बघते."

"तुम्ही?"

"का? दिवसभर पाहुण्यांशी बोलून हे घरी आले की मिठाची गुळणी धरून बसायचे. घरात बोलायचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे."

मुतोसानना हसू आवरलं नाही. "बरं. आज एक फेरी. मग बघू."

इवाओ मात्र बाहेर येताच बायकोकडे असा बघायला लागला, की दुसरी एखादी गप्प बसली असती.

"बघा, खुशाल बघा," तोमिए म्हणाली. "शेडमध्ये बसून कुढलेले तुम्ही मला चालायचे नाहीत. जाकीट घाला."

निळ्या नावाडी-अंगरख्यावर भगवं जाकीट चढवताना त्याचे कान लाल झाले. शेजारच्या नावेतला नावाडी नोदा ओरडला, "काय इवाओ, प्रशांत महासागर ओलांडतोस की काय?"

"तुझ्या नावेत बसण्यापेक्षा ते सोपं!" नवऱ्याचं उत्तर तोमिएनंच दिलं.

नावेत कुमामोतोहून आलेल्या सहा-सात बायका होत्या आणि एक म्हातारं जोडपं. नाव धक्क्यावरून सुटली. काठावरच्या विलोच्या झाडांच्या कोवळ्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या. तोमिए पुढच्या टोकाला, पाहुण्यांकडे तोंड करून बसली, आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली.

"हा... हा कालवा," ती कशीबशी म्हणाली.

बायका वाट बघत राहिल्या. इवाओला वाटलं, नाव इथेच वळवावी.

"किल्ल्याचा खंदक आहे हा. दोनशे वर्षांपूर्वी—"

टक्. इवाओनं बांबू नावेच्या काठावर आपटला होता. कानाला चुकीचं ऐकवेना, तेव्हा हातच पुढे गेला.

तोमिएनं नवऱ्याकडे पाहिलं. "नाही? मग तीनशे?"

टक्.

"चारशे?"

इवाओनं मान डोलावली.

"चारशे," तोमिए पाहुण्यांना म्हणाली. "बघितलंत? आवाज गेला, पण बायकोच्या चुका काढायची हौस काही गेली नाही."

नाव हसण्यानं हलली. मग तोमिएला बोलण्याचा रस्ता सापडला. सरदार आणि त्यांच्या लढाया तिनं सोडूनच दिल्या. कोणत्या मागच्या दारात कोण राहतं, कोणत्या सासूनं सुनेची भांडी पाण्यात फेकली होती, कोणत्या दुकानातली वाफवलेली वाम खावी आणि कोणत्या दुकानात फक्त चहा प्यावा, हे ती सांगत सुटली. जुन्या गोदामापाशी मात्र तिचा आवाज बदलला.

"एकदा इथे नुसती घाण साचली होती. डास, कुजका वास. कालवे बुजवून टाकायची भाषा चालली होती. तेव्हा आमच्या गल्लीतले सगळे चिखलात उतरले. मी याच जागी कमरेपर्यंत होते. सायकली काढल्या, गाद्या काढल्या, एक अख्खी शिवणयंत्राची पेटी काढली. हे दिवसभर गाळ उपसायचे आणि वर गायचेही. लोक म्हणायचे, गाऊ नको रे, हसताना तोंडात चिखल जातो." तिनं हात पाण्यात बुडवून वर काढला. "आज तळ दिसतोय बघा. तो आम्ही काढलाय."

बायकांनी वाकून तळ पाहिला. इवाओची पाठ नकळत ताठ झाली. इतकी वर्षं त्यानं किल्ला दाखवला होता. तळ दाखवायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

पुढे बुटका दगडी पूल आला. सगळ्यांनी माना खाली घातल्या, इवाओ गुडघ्यात वाकला. याच पुलाखाली नावाडी गायचे, कारण दगडाला लागून आवाज दुणावतो. अंधारात नाव सरकत होती. आता तोमिए काहीतरी बडबडेल, असं इवाओला वाटलं. ती बोलली नाही. बांबूवरून पाणी ठिबकत होतं, तेवढंच दुणावून ऐकू आलं.

उजेडात आल्यावर काही वेळानं काठाला दगडी पायऱ्या दिसल्या.

"आणि ही माझ्या माहेरची पायरी," तोमिए म्हणाली. "इथे मी मुळे धूत बसायचे. हे तेव्हा नवे नावाडी. येता-जाता माझ्याकडे बघायचे. मी कशाला मान वर करते? एक दिवस बघता बघता यांचा पाय घसरला आणि हे पडले की पाण्यात! पाहुणे नावेत, नाव चालली आपली वाहत, आणि हे गळ्याएवढ्या पाण्यात टोपी धरून उभे. यांचं घसरणं सगळ्या यानागावाला पाठ आहे. लग्नात नोदानं ते नाचून दाखवलं होतं."

टक्.

"काय चुकलं आता?"

टक्, टक्.

"अहो, मी समोर बसले होते! डोळ्यांनी बघितलंय."

इवाओनं बांबू तळात घट्ट रोवला, नाव थांबवली. खिशात हात घातला. ते यंत्र बाहेर काढून पट्टीच्या वर गळ्याला टेकवलं. घराबाहेर, माणसांत, पहिल्यांदा.

"घसरलो नव्हतो," एकसुरी घुर्र आवाज आला. "उडी मारली."

तोमिएचं तोंड उघडंच राहिलं.

"ही वरच बघेना," तो आवाज म्हणाला. "काय करणार?"

जोडप्यातल्या आजीबाई इतक्या हसल्या की त्यांच्या नवऱ्यानं त्यांना धरून ठेवलं. तोमिए हसली नाही. ती लाल होऊन पायऱ्यांकडे बघत राहिली.

"इतकी वर्षं," ती शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला धांदरट समजत होते."

इवाओनं यंत्र खिशात ठेवलं आणि नाव रेटली. आपला तो घुर्र आवाज ऐकून कोणी तोंड फिरवलं नव्हतं, हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं.

उतरताना कुमामोतोच्या बायकांनी दोघांना मध्ये उभं करून फोटो काढला. एकीनं मुतोसानना विचारलं, "पुढच्या महिन्यात माझी बहीण येणार आहे. हीच नाव मिळेल ना? हीच दोघं?"

मुतोसान इवाओकडे बघून म्हणाले, "जाकीट मात्र काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर ही गर्दी. इवाओ मागच्या टोकावरून उतरून काठाशी उभा राहिला आणि पूर्वीसारखा एकेका पाहुण्याला हात देऊन नावेत घेऊ लागला. सगळे बसले. तोमिए आपली आपण चढायला निघाली. इवाओ बाजूला झाला नाही. त्यानं हात तसाच पुढे धरला. नोदा बघत होता, मुतोसान बघत होते, सगळा धक्का बघत होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चारचौघांत त्यानं कधी बायकोचा हात धरला नव्हता.

तोमिएनं आपल्या एप्रनला हात पुसला आणि त्याच्या हातात दिला.