तक्रार नसलेला पंप

"तुमच्या पंपाची एकही तक्रार नाही, काका. सगळा घोळ तिथंच आहे."

नगरपालिकेच्या लेखा विभागातल्या हिशेबनीस बाईंनी जाडजूड आराखडा उघडून एका ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. पंपकाका खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. मागं टेकलं असतं तर कपड्यांचं ग्रीस खुर्चीला लागलं असतं. ओळ त्यांना वाचता आली, पण अर्थ लागेना. तक्रार नसणं चांगलं की वाईट, हे बावीस वर्षांत त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी मग सावकाश समजावून सांगितलं. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक येत्या शुक्रवारच्या सभेत मंजूर व्हायचं होतं. नव्या रस्त्याला दिवे हवे होते आणि त्यासाठी कुठूनतरी कात्री लावणं भाग होतं. म्हणून समितीनं ठरवलं, की प्रत्येक कामाची मागची तीन वर्षं बघायची. दुरुस्तीवर खर्च किती, तक्रारी किती. ज्या कामावर खर्चही नाही आणि तक्रारही नाही, तिथं माणसाची गरज नाही असं धरायचं. अशी अकरा कामं निघाली होती. त्यात वरच्या वस्तीला पाणी चढवणारा काकांचा पंप होता. आता तिथं घड्याळावर आपोआप चालू-बंद होणारं यंत्र बसेल, महिन्यातून एकदा ठेकेदाराचा माणूस येऊन बघून जाईल. काकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, भांडारात पाइप मोजायला पाठवतील. पंपघरामागची खोली सोडावी लागेल.

"पगार कमी होणार नाही बरं का," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाल्या.

"पण दुरुस्ती होते की," काका म्हणाले. "मी करतो."

"बिल कुठंय?"

बिल कुठलं असणार? गळती लागली तर काका सायकलच्या फाटक्या ट्यूबमधून वॉशर कापत. बेअरिंग कुरकुरायला लागायच्या आधीच त्यांना ते आवाजावरून कळे, आणि ते उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसवत. दुरुस्तीसाठी मिळालेली रक्कम दरवर्षी जशीच्या तशी परत जाई. वर्षअखेरीला तो परतीचा कागद सही करून देताना त्यांना बरं वाटे. आपण शहराचं काहीतरी वाचवलं, असं वाटे. आज बाईंनी पानं मागं उलटून दाखवलं, की त्या प्रत्येक परतीनंतर पुढच्या वर्षीची तरतूद थोडी छाटली गेली होती. छाटता छाटता यंदा तिथं शून्य आलं होतं.

"न वापरलेला पैसा म्हणजे न लागणारा पैसा, असं धरतात इथं," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी हे खाली बघत सांगितलं.

तक्रारवहीचंही तसंच. पालिकेचा शिक्का मारलेली वही पंपघराच्या दारामागं खिळ्याला टांगलेली होती, दोरीला पेन्सिल बांधून. पण पाणी कमी येतंय म्हणून कुणी दाराशी आलं, की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका पाना घेऊन पायऱ्या चढायला लागलेले असत. काम उरकून खाली आल्यावर लिहायचं काय? वहीचा एक कोपरा उंदरानं खाल्ला होता. बाकी वही कोरी.

बाहेर जिन्यात त्यांच्या प्रभागाच्या सभासद ताई भेटल्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या, सतत घाईत असलेल्या. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं ऐकून घेतलं आणि आपण उपसूचना मांडतो म्हणाल्या. "पण काका, नुसत्या तोंडानं भागत नाही तिथं. लोकांकडून लेखी आणा. पाणी आलं नाही, गढूळ आलं, दाब नाही, काय असेल ते. तक्रारी दिसल्या की माणूस लागतो हे मी पटवून देते. शुक्रवारी सकाळी माझ्या हातात द्या."

काका घरी आले. घर म्हणजे पंपघराच्या पाठची एक खोली. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत आरसा. सहा वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हापासून खोलीत दुसरं माणूस नव्हतं. मुलगी लांब दिली होती. ती रविवारी फोन करी, जेवलात का विचारी, ते जेवलो म्हणत. आठवड्याचं बोलणं तेवढंच. पण पंप चालू झाला, की भिंत हलकी थरथरे आणि थोड्या वेळानं वरच्या वस्तीतून भांड्यांचे, बादल्यांचे, मुलांना हाका मारणारे आवाज खाली येत. त्या आवाजांवरून कुणाच्या घरी पाहुणे आलेत आणि कुणाचं भांडण अजून मिटलेलं नाही, हे त्यांना कळे. त्या माणसांत ते फारसे बसले-उठले नव्हते, पण इतकी वर्षं राहत होते ते त्यांच्याच सोबतीनं. भांडारात पाइप असतील, पण वर वस्ती नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळचं पाणी सोडून झाल्यावर पाना खाली ठेवून, कोऱ्या कागदांची गुंडाळी घेऊन, ते एकशे त्रेसष्ट पायऱ्या चढले. चढताना काय बोलायचं ते मनात जुळवत होते. माझी जागा जातेय, माझ्या पंपाविरुद्ध लिहून द्या? हे काही जिभेवर येईना. कुणाकडे काही मागायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी प्रत्येक दारात ते एवढंच म्हणाले, की हापिसानं पाण्याबद्दल लेखी मागितलंय, काय त्रास असेल तो बिनधास्त लिहा, शुक्रवारी सकाळी न्यायला येतो.

लोक कागद घेत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहत. शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, कुणी काही बोललं का तुम्हाला? काका म्हणाले, छे. एका म्हातारीनं कागद घेतला आणि त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सगळ्यात वर निवृत्त शिक्षिका राहत. वस्तीतल्या सगळ्यांचे अर्ज त्याच लिहीत. वयानं काकांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, पण इतरांबरोबर त्याही त्यांना पंपकाकाच म्हणत.

"बालंट आलंय का काही तुमच्यावर?" त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"नाही हो बाई. तुम्ही फक्त त्रास लिहा. चांगलं काही लिहू नका."

"बरं, बरं," बाई म्हणाल्या. "समजलं मला. तुम्ही जा."

शुक्रवारी सकाळी काकांना सव्वीस पाकिटं मिळाली. सगळी नीट डिंकानं बंद केलेली. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नसतं, म्हणून त्यांनी एकही उघडलं नाही. पण गठ्ठा हातात जड लागला तसा त्यांना धीर आला. आणि त्याच वेळी थोडं खुपलंही. एवढा त्रास होता लोकांना, आणि आपल्याला कुणी बोललं नाही. सभागृहाच्या दाराशी त्यांनी पाकिटं ताईंच्या हातात दिली. ताईंनी ती फायलीत घातली आणि त्या आत पळाल्या.

प्रेक्षकांच्या सज्जात काका एकटेच होते. तिथल्या शिपायानं बजावलं, की इथं बोलायचं नाही, आणि खोकायचं झालं तर एकदाच खोकून घ्या. खाली सभा चालू झाली. मोठमोठ्या रकमांचे विषय चहा यायच्या आत भराभर मंजूर झाले. मग सभागृहाच्या दारात ठेवायच्या कुंड्या मातीच्या घ्याव्यात की सिमेंटच्या, यावर पाऊण तास गेला. कारण कुंड्या प्रत्येकाला समजत होत्या. एक सभासद मातीसाठी इतके पेटले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. शिपाई हळूच म्हणाला, "दरवर्षी असंच. मागल्या खेपेला दाराचं पायपुसणं होतं." काका हसले नाहीत. ते विषयांचे आकडे मोजत होते. सत्तेचाळीस झाला. अठ्ठेचाळीस त्यांचा.

ताई उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत होता. या पंपावर माणूस ठेवणं का गरजेचं आहे हे मी सांगत नाही, लोकच सांगतील, असं म्हणून त्यांनी पहिलं पाकीट फोडलं. कागद उलगडला. आणि त्या थांबल्या. त्यांनी तो बाजूला ठेवून दुसरं फोडलं. मग तिसरं.

"वाचा ना," अध्यक्ष म्हणाले. "सभागृह थांबलंय."

ताईंनी एकदा सज्जाकडे पाहिलं. मग जे हाती होतं तेच वाचायला लागल्या. अक्षर कुणाचं असेल, ते काकांना दोन ओळींतच कळलं.

"आमच्या पंपचालकांविरुद्ध कुणी काहीही कळवलेलं असो, आमची काडीचीही तक्रार नाही. बावीस वर्षांत एकदाही आमचं पाणी चुकलेलं नाही. त्यांची पत्नी वारली त्या दिवशीसुद्धा सकाळी आमच्या नळाला पाणी होतं. आम्ही ते भरून घेतलं आणि मग आम्हाला बातमी कळली. अशा माणसाची चौकशी करणाऱ्यांना शरम वाटायला हवी."

सभागृहात कुणी हललं नाही. काकांनी पुढचा लाकडी कठडा धरला. त्या सकाळची ती गोष्ट कुणाच्या लक्षात असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. आत तिला तसंच निजवून ठेवून ते पंपाशी गेले होते. दुसरं काय करायचं ते सुचलं नव्हतं, आणि घड्याळात सहा वाजले होते.

बाकीची पत्रंही तशीच निघाली. शिंप्यानं लिहिलं होतं, पाणी एक नंबर. कुणी नुसता अंगठा उठवून खाली 'समाधानी' असं लिहून घेतलं होतं. सव्वीसच्या सव्वीस. हिशेबनीस बाई कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या.

अध्यक्ष खरोखरच हेलावले. अशी माणसं आहेत म्हणून शहर चालतं, असं ते म्हणाले आणि त्यांनी अभिनंदनाचा ठराव मांडला. सगळ्यांनी बाकं वाजवली. पंपचालक सज्जात आहेत असं कुणीतरी सांगितलं, तशा सगळ्या माना वर वळल्या. काका उभे राहिले. बाकं वाजत होती. मग थांबली. बसायचं कधी असतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते उभेच राहिले आणि खाली पुढचं बोलणं चालू झालं. पंप इतक्या उत्तम स्थितीत आहे, तर यंत्र बसवायला अडचण नाही. तक्रार तर नाहीच. अशा माणसाला या वयात पायऱ्या चढायला लावणं शोभत नाही. हात वर करा. हात वर झाले. ताईंचाही झाला, पण कोपरातूनच.

"बसा काका," शिपायानं बाही ओढली. "झालं तुमचं."

खाली दाराशी ताईंची गाठ पडली. त्यांचे डोळे लाल होते. "एकानं तरी वाईट लिहायचं होतं हो, काका."

"तुमचं काय चुकलं ताई," काका म्हणाले. "तुम्ही वाचलं चांगलं."

चारला संध्याकाळचं पाणी सोडायचं होतं. ते चालतच परतले. पंपघराच्या पायरीवर निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. एकशे त्रेसष्ट पायऱ्या उतरून आल्या होत्या, त्यामुळं अजून धाप लागलेली होती.

"वाचलं का माझं?"

"वाचलं. सगळं सभागृह गप्प झालं होतं बाई. माझ्यासाठी बाकं वाजवली."

बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "मला कळलं होतं. त्रास लिहा, चांगलं लिहू नका म्हणालात, तेव्हाच कळलं की कुणीतरी दमदाटी करून पाठवलंय तुम्हाला. मी घरोघरी फिरले. म्हटलं, एकानंही वाकडं लिहायचं नाही. शिंपी सकाळच्या गढूळ पाण्याचं काहीतरी लिहीत होता, त्याला फाडायला लावलं." मग त्यांनी विचारलं, "पुढं काय ठरलं?"

"यंत्र बसणार. आपोआप चालू, आपोआप बंद. मला भांडारात नेतायत. बसून काम आहे."

"बसून?" बाईंचा चेहरा उजळला. "बरं झालं की. या पायऱ्या तुम्हाला आता झेपायच्या नाहीत, हे मी कधीची म्हणतेय. म्हणजे पत्रांचा उपयोग झाला."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटाला अजून शाईचा डाग होता.

"झाला ना," ते म्हणाले. "खूप झाला."

बाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर निघाल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत काका दारात थांबले. मग आत जाऊन त्यांनी बटण दाबलं. पंपानं एकदा घसा खाकरल्यासारखं केलं आणि तो लागला.

रोज ते या वेळी आतच बसत. आज ते बाहेर आले. भिंतीला लागून वर गेलेला लोखंडी पाइप दिवसभराच्या उन्हानं तापला होता. त्यांनी गुडघ्याच्या उंचीवर त्याला तळवा लावला आणि वाट पाहिली. विहिरीचं गार पाणी आलं तसं लोखंड हाताखाली थंड पडलं. काकांनी हात वर सरकवला. तिथंही गारवा आला. त्याच्या मागं मागं ते हात वर नेत राहिले, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत, टाचा उंचावून डोक्याच्याही वर. हात पुरत होता तिथवर त्यांनी पाण्याला पोचवलं. त्यापुढं ते एकटंच वर गेलं.